रुईवरचा पिवळा

जुन्नरहून लेण्याद्रीला निघालं, की रस्त्याच्या कडेला रुईची झुडपं लागतात. पाऊस ओसरताना त्यांच्या राखाडी-हिरव्या पानांवर एक नाकतोडा दिसतो. अंग पिवळंजर्द, त्यावर निळ्या-हिरवट पट्ट्या, आणि मागचे पंख उघडले तर आतून लालसर. फाब्रिसियसने १७७५ मध्ये या जातीची शास्त्रीय नोंद केली. आपण जवळ गेलो तरी तो पळायची घाई करत नाही.

याची बोटभर प्रतिकृती रंगवली, की बघणारा हमखास म्हणतो, ‘छान आहे, पण जरा भडक झालंय.’ मला हे मत मुळीच मान्य नाही. रंग जितका फिका तितकी अभिरुची चांगली, असा एक समज आपल्या घरांत मुरलेला आहे. पोळ्याच्या बैलांची रंगवलेली शिंगं, जत्रेतली खेळणी यांचं आपण कौतुक करतो, पण जरा वरूनच. भडकपणा म्हणजे समज कमी असल्याची खूण, असं धरूनच चालतो.

या नाकतोड्याला तो हिशेब लागू पडत नाही. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, म्हणून गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. हा मात्र तीच पानं खातो आणि ते विष अंगात साठवतो. अर्धवट वाढलेल्या पिल्लाला चिमटीत धरलं, तर ते पाठीतून द्रवाची चिळकांडी उडवतं. पिवळ्या-निळ्याची ही जाहीर मांडणी आहे ती चोच मारणाऱ्या पाखरासाठी, आपल्यासाठी नाही. याच तालुक्यातला बिबट्या उसात चार हातांवर बसला तरी दिसत नाही, कारण त्याचं पोट न दिसण्यावर चालतं. नाकतोड्याचा जीव वाचतो तो लांबूनच ओळखू येण्यामुळे. इथला ठळक रंग विषाच्या बळावर उभा आहे.

रंगवायला बसलं की ही गोष्ट हाताला कळते. आधी पांढरं अस्तर द्यायचं. पिवळा हा झाकण्याच्या कामात दुबळा रंग. काळ्यावर चढवला तर हिरवट, मळका पडतो. पांढऱ्यावर मात्र पातळ दोन-तीन हातांत उजळतो. तो पुरता वाळल्याशिवाय निळ्याला शिवायचं नाही. घाई केली, की कडेला दोन्ही रंग एकमेकांत उतरतात आणि पट्टीची धार जाते. सगळा जोर त्या धारेतच असतो. मिशांवर एक कडं काळपट, एक पिवळं, अशी आळीपाळी शून्य नंबरच्या ब्रशने साधावी लागते. बाटलीतला झगझगीत पिवळा अंगभर फासला तर चकाकी येते, इशारा येत नाही.

लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यांपैकी सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे. पार्वतीने इथे तप केलं, अंगाच्या मळाची मूर्ती घडवली आणि तिच्यात प्राण आला, अशी कथा. मी घडवलेल्या किड्यात प्राण येणार नाही, त्याच्या पिवळ्यामागे चीकही नाही. तो रंग मी उसना घेतलेला आहे. म्हणून पट्टी नाकतोड्याच्या अंगावर जिथे सुरू होते तिथेच ती सुरू झाली पाहिजे, असा माझा आग्रह असतो. पोळ्याच्या शिंगांना गुलाबी द्या, जांभळा द्या. तो धन्याच्या आनंदाचा रंग आहे, त्याला कसली अट? किड्याचा रंग मात्र आपल्या हौसेने बदलला, तर तो पाखराशी बोलायचाच थांबतो.

मग यात रंगवणाऱ्याचं स्वतःचं काय उरलं, असं कोणी विचारेल. पुष्कळ उरतं. कोणत्या वयाचा किडा घ्यायचा, उन्हात बसलेला की पानाआड, नुकती कात टाकलेला की विटत चाललेला, हे सगळं त्यालाच ठरवायचं असतं. सध्या मी पिल्लू करतो आहे. त्याचा हिरवट पिवळा मोठ्या नाकतोड्यापेक्षा अवघड, कारण त्यावर काळी नक्षी फार बारीक आहे आणि मधूनमधून रक्तासारखे लाल ठिपके आहेत. काळं चुकलं तर पिवळ्याने झाकता येत नाही, ते खरवडून पुन्हा अस्तरापासून सुरुवात करावी लागते. लाल शेवटी, ब्रश जवळजवळ कोरडा करून.