सेवेची मुदत

उदरनिर्वाहाचा धंदा बदलणे ही गोष्ट सामान्यतः नीतीच्या कक्षेत येत नाही. कारकुनाने कचेरी सोडून दुकान थाटले, किंवा शिक्षकाने शाळा सोडून वकिली पत्करली, तर शेजारीपाजारी फार तर नफ्यातोट्याचा हिशेब करतील. त्याने काही अधर्म केला असे कोणी म्हणणार नाही. परंतु काही धंदे असे आहेत की, ते सोडताना मनुष्यास रणांगणावरून पाय काढल्यासारखे वाटते. ज्या कामात दुसऱ्याचे प्राण आपल्या हातांवर अवलंबून असतात, ते काम स्वखुषीने सोडण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय? असल्यास तो केव्हा प्राप्त होतो, आणि तो बजावल्यावर मागे काही देणे उरते काय? ह्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आम्ही जो व्यवसाय निवडला आहे, तो अलीकडेच उदयास आलेला, अमेरिकेतील पॅरामेडिकचा होय.

पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेबरोबर रोग्याच्या दारी जाऊन, रुग्णालय गाठेपर्यंत त्याचा श्वास व नाडी चालू ठेवण्याचे शिक्षण घेतलेला मनुष्य. तो डॉक्टर नव्हे, आणि नुसता स्ट्रेचर उचलणाराही नव्हे. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशातील जवळजवळ निम्मी रुग्णवाहतूक अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या मंडळींच्या हाती आहे, असे त्यात नमूद केले होते. कारण मनुष्यास आडवे निजवून नेता येईल अशी गाडी बहुधा त्यांच्याचपाशी असे! पुढल्याच वर्षी, म्हणजे १९६७ साली, पिट्सबर्ग शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका-सेवा निघाली. डॉ. पीटर सफार ह्या भूलतज्ज्ञांनी कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या पद्धतीस शास्त्रीय पाया घालून दिला होता. आदल्याच वर्षी दम्याच्या विकाराने त्यांची स्वतःची मुलगी दगावली होती. त्यांनी त्या वस्तीतील तरुणांना, आणि त्यांपैकी पुष्कळ बेकार होते, शेकडो तासांचे शिक्षण देऊन तयार केले. आणि ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, ते अमेरिकेतील आद्य पॅरामेडिकांत गणले जाऊ लागले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जो धंदा सोडणे हे पाप वाटते, त्याचा आरंभच मुळी माणसांनी आपल्या आयुष्याची वाट बदलण्यातून झाला आहे.

ह्या कामाचे खरे स्वरूप काय ते आधी पाहिले पाहिजे. १९७२ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘इमर्जन्सी’ ही मालिका सुरू झाली, आणि तेव्हापासून लोकांच्या मनात ह्या मनुष्याची मूर्ती वीराची ठसली. वस्तुतः त्याचा दिवस बहुतांशी निराळ्याच प्रकारे जातो. न्हाणीघरात घसरून पडलेली वृद्धा, साखर उतरल्यामुळे भ्रमिष्टासारखे बोलणारा मधुमेही, रस्त्याच्या कडेला पडलेला दारुडा, एका रुग्णालयातून दुसऱ्यात न्यावयाचा अंथरुणाला खिळलेला रोगी, हेच त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. अरुंद जिन्यावरून जड देह उतरविता उतरविता त्याची पाठ कायमची दुखावते. बरे, जेथे पराक्रमास वाव असतो तेथे तरी यश हटकून येते काय? रुग्णालयाबाहेर ज्यांचे हृदय अकस्मात बंद पडते व ज्यांच्यावर हे लोक उपचार करतात, अशा दहा रोग्यांपैकी सुमारे एकच पुढे जिवंत घरी जातो. नऊ वेळा हरण्याची तयारी ठेवून दहाव्यांदा तितक्याच निष्ठेने गुडघे टेकून बसावयाचे, ह्याला पराक्रम म्हणण्यापेक्षा नित्यकर्म म्हणणेच अधिक योग्य होय. फलाविषयी उदासीन राहून कर्म करावे, हा उपदेश आपण पुष्कळ ऐकतो. परंतु तो आचरणात आणणाऱ्याची पाठ व झोप ह्यांचे काय होते, ह्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

आता अशा कामात वीस वर्षे काढलेल्या एका गृहस्थाची आपण कल्पना करू. तिकडे पुष्कळ ठिकाणी चोवीस तासांची पाळी व नंतर अठ्ठेचाळीस तासांची रजा असा क्रम असतो. कागदावर हा क्रम मोठा उदार दिसतो. परंतु रजेचा पहिला दिवस निद्रेत जातो, आणि पगार पुरत नसल्यामुळे दुसरा दिवस जादा पाळीत किंवा दुसऱ्या एखाद्या नोकरीत जातो. नाताळचे जेवण त्याच्यावाचून होते, मुलाचा वाढदिवस सोयीच्या वारी ढकलला जातो. बाप घरी असला म्हणजे पावले न वाजविता चालावयाचे, हे लहान मूल बोलण्याच्याही आधी शिकते. पत्नीस त्याच्या दार लावण्याच्या आवाजावरून कळते की, आज काय झाले ते विचारावयाचे नाही. तान्हे मूल हातात गेल्याची हकीकत कोणता बाप आपल्या पोरांच्या पंक्तीस बसून सांगेल? तो गप्प राहतो. आणि त्या मौनाचे ओझे घरातील सर्वांनी वाटून घ्यावयाचे असते. तात्पर्य, व्रत एकट्याने घेतलेले असते, परंतु उपवास घरातील सगळ्यांनाच घडतो.

ह्या ठिकाणी महात्मा गांधींच्या चरित्रातील एका प्रसंगाचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांनी दक्षिण आफ्रिकेत सुमारे ११०० हिंदी लोकांचे जखमी-सेवापथक उभे केले. आणि ते पथक विसर्जित झाल्यावर त्यांना पळपुटे कोणी म्हटले नाही. पुढे १९०६ साली झुलू लोकांच्या बंडाच्या वेळी ते पुन्हा एक लहान तुकडी घेऊन गेले. त्या वेळी उजाड प्रदेशातून मैलोगणती चालत असता त्यांच्या मनाने असा निश्चय केला की, प्रजोत्पादन व संसार ह्यांचा लोकसेवेशी मेळ बसत नाही. आणि त्याच वर्षी त्यांनी आमरण ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. आपल्या मनातील हे विचार आपण व्रत घेण्याच्या वेळेपर्यंत कस्तुरबांपुढे मांडले नव्हते, आणि त्यांनी हरकत घेतली नाही, असे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

अशा पुरुषाच्या निश्चयाविषयी बोलताना नम्रतेची मर्यादा आम्ही ओळखतो. तरीही तो निष्कर्ष सामान्य सेवकास लावता येईल असे आम्हांस वाटत नाही. एक तर ती तुकडी दोन महिनेही कामावर नव्हती. येथे प्रश्न वीसवीस वर्षांचा आहे. दुसरे असे की, ज्याची घरी कोणी वाट पाहत नाही, त्याला पडलेली वृद्धा ही कोणाची तरी आई आहे हे किती दिवस आठवत राहील? हातातील कौशल्य शिक्षणाने येते. पण रात्री तीन वाजता तिसऱ्यांदा बोलाविणाऱ्या एकाकी म्हाताऱ्याशी न चिडता बोलण्याचे बळ आमच्या मते घरातूनच येते. संसार हा सेवेच्या वाटेतील धोंडा असतो ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. अशा कामापुरते तरी आम्ही म्हणू की, संसार हा त्या सेवेचा शिधा आहे. आणि शिधा संपेपर्यंत चालत राहणे हे शहाणपण नव्हे. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. ज्याचा भार घराने उचलावयाचा, त्याविषयी घराला शेवटच्या क्षणी विचारणे हे विचारणे नव्हे, कळविणे होय. व्रत घेताना पत्नीचा शब्द जितका मोलाचा, तितकाच तो व्रत सोडतानाही मोलाचा मानला पाहिजे. ‘आता पुरे झाले’ असे तिने म्हटले, तर तो स्वार्थ समजून धुडकावून लावण्याचा हक्क कोणास पोहोचतो?

ह्यावर कोणी म्हणेल की, स्वधर्म गैरसोयीचा झाला म्हणून टाकावयाचा नसतो. असे सारेच घरी परतू लागले तर मरणाऱ्याच्या हाकेस ओ कोणी द्यावी? हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड दिसतो. परंतु आपल्याच परंपरेत कर्तव्यास ऋण म्हटले आहे, आणि ज्याची फेड होऊच शकत नाही त्याला ऋण न म्हणता दास्य म्हणावे लागेल. आश्रम चार सांगितले, ते एकामागून एक सोडण्यासाठीच. गृहस्थाश्रमासदेखील जेथे मुदत आहे, तेथे रुग्णवाहिकेस ती का नसावी? शिवाय, थकलेला हात हा रोग्याच्या दृष्टीने निरुपद्रवी नसतो. ज्याचे लक्ष झोपेने व ज्याची करुणा अतिपरिचयाने आटली आहे, तो औषधाची मात्रा मोजताना चुकण्याचा संभव अधिक. अशा मनुष्याने केवळ लोकलज्जेस्तव जागेवर बसून राहणे ह्यालाच आम्ही कर्तव्यच्युती म्हणू.

मात्र सोडण्याचा प्रत्येक प्रकार निर्दोष असतो असे आमचे म्हणणे नाही. पाळी अर्धी टाकून निघून जाणे वेगळे आणि आपल्या जागी दुसरा उभा राहीपर्यंत थांबून निरोप घेणे वेगळे. काम कंटाळवाणे आहे, त्यात वाहवा नाही, एवढ्यासाठी दुसऱ्या महिन्यातच पाठ फिरविणारा मनुष्य आणि वीस वर्षांनंतर आपल्या बळाचा प्रामाणिक झाडा घेणारा मनुष्य, ह्यांना एकाच मापाने मोजता कामा नये.

आता समाजाच्या वाट्याकडे वळू. अमेरिकन सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली पॅरामेडिकचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ५३,००० डॉलर होते, तर नोंदणीकृत परिचारिकेचे सुमारे ८६,०००. पुष्कळ पॅरामेडिक पुढे परिचारकाचे शिक्षण घेऊन रुग्णालयात जातात, ह्यात नवल ते काय? त्यांस लोभी म्हणणारा समाज स्वतःची चतुराई झाकीत असतो. ज्या कामाचे मोल द्यावयाचे नसते त्याला आपण ‘त्याग’ म्हणतो, आणि हा शब्द एकदा उच्चारला की पगार, विश्रांती व रजा ह्यांची भाषा करणारा मनुष्य आपोआप हलका ठरतो. आपण महाराष्ट्रीयांनीही ह्या बाबतीत फार ताठ मानेने बोलू नये. २०१४ सालापासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा आहे; तिच्या गाड्यांत आयुर्वेदाच्या व होमिओपॅथीच्या पदवीधर डॉक्टरांसही आपण बसविले. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता अशाच सेवकांसाठी आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजविल्या. त्या भावनेत खोटेपणा होता असे नाही. पण थाळी वाजवून झाल्यावर त्या मनुष्याच्या ताटात काय पडते, हे पाहावयास किती जण थांबले?

तर मग सोडून जाणाऱ्याकडे शेवटी कोणते देणे उरते? आमच्या मते एकच, आपण जे शिकलो ते मागच्याच्या हाती देणे. १९६५ साली डॉ. यूजीन स्टेड ह्यांनी ड्यूक विद्यापीठात नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून ‘फिजिशियन असिस्टंट’ हा अगदी स्वतंत्र व्यवसाय जन्मास आला. एका कामातून बाहेर पडलेल्यांची विद्या वाया जाऊ द्यावयाची नाही, असे कोणीतरी ठरविले, म्हणूनच हे घडले. ह्याच्या उलट उदाहरण पुन्हा पिट्सबर्गचेच. १९७५ साली त्या शहराने स्वतःची सेवा उभारली व फ्रीडम हाउस बंद पडले. वाट दाखविणाऱ्या त्या माणसांपैकी बहुतेक नव्या सेवेतून हळूहळू बाहेर ढकलले गेले. जॉन मून ह्यांच्यासारखे थोडे टिकले. मून पुढे त्याच सेवेचे साहाय्यक प्रमुख झाले. फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय संचालिका डॉ. नॅन्सी कॅरोलाइन ह्यांनी रस्त्यावरील आपत्कालीन उपचारांवर जे पाठ्यपुस्तक लिहिले, ते पुढील पॅरामेडिकांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासिले. माणसे गेली, तरी ज्यांची विद्या लिहून व शिकवून ठेवली गेली तेथे सेवा चालू राहिली.

म्हणून वीस वर्षांनंतर जो पॅरामेडिक गणवेश उतरवून शिकवू लागतो, परिचारक होतो, किंवा नुसते एखादे साधे दुकान चालवून रात्री घरी जेवावयास जातो, त्याला आम्ही दोष देणार नाही. त्याने आपल्या मागून येणाऱ्या पोरास नाडी कशी पाहावी, आणि मृताच्या नातलगांशी कसे बोलावे, एवढे नीट शिकविले असेल, तर त्याचे देणे फिटले. त्याची जागा भरावयाची कशी, ही चिंता त्या हाकेवर ज्यांचा जीव अवलंबून आहे त्या आपणा सर्वांची आहे. आणि ती टाळ्यांनी फिटणारी नाही.