क्रेडिटसाठी केलेली सेवा

उन्हाळी सुट्टीत रुग्णालयात इंटर्नशिप करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या कामाला सेवा म्हणावे का, हा धर्मविचारातला जुनाच प्रश्न आहे. आज तो नव्या रूपात समोर येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर इंटर्नशिप पदवी अभ्यासक्रमाचा भाग होऊ लागली. विद्यार्थी वॉर्डात येतो तो क्रेडिट आणि प्रमाणपत्र मिळवायला. आपल्याकडे मात्र रुग्णसेवेला ईश्वरसेवेचा मान आहे आणि सेवा निष्काम असावी असा संस्कार आहे. मग फळावर डोळा ठेवून केलेले काम कोणत्या खात्यात मांडायचे?

पिंपरी-चिंचवडमध्ये या प्रश्नाला चेहरा आहे. संत तुकारामनगरातले महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘वायसीएम’, आणि मोहननगरातले कामगार विमा रुग्णालय इथे भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतला कामगार येतो. प्रेस मशिनमध्ये बोटे सापडलेला कंत्राटी कामगार कॅज्युअल्टीत आणला जातो, तेव्हा हाताला गुंडाळलेला फडका भिजलेला असतो आणि सोबत खोलीवरचा जोडीदार असतो. केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे कुठल्या मजल्यावर, विम्याचे कार्ड जवळ नसेल तर काय, यातले दोघांना काही ठाऊक नसते. विद्यार्थ्याला टाके घालता येत नाहीत, इंजेक्शन देण्याची परवानगी नसते. तो केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, नाव-गाव हिंदीत विचारून लिहून घेतो, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना वाट करून देतो आणि सिस्टर काय म्हणाल्या ते जोडीदाराला पुन्हा नीट समजावून सांगतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे काम नगण्य आहे. घरापासून शेकडो कोसांवर जखमी होऊन पडलेल्या माणसासाठी ते फार मोठे आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकाच्या विद्यार्थ्याला गुरूने द्यायचा उपदेश आहे. त्यात विद्यार्थ्याला अर्थ, यश आणि मृत्यूनंतर स्वर्गही हवा असणार, हे मोकळेपणाने गृहीत धरले आहे. ही इच्छा असणाऱ्यानेच रोग्याच्या आरोग्यासाठी सर्वतोपरी झटावे, असे ग्रंथ सांगतो. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात मात्र चिकित्सेचा बाजार मांडणारा सोने सोडून धुळीच्या मागे लागतो असे म्हटले आहे. दोन्ही वचने एकत्र वाचली की विरोध राहत नाही. फळाची इच्छा क्षम्य आहे. रोग्याला त्या फळाची किंमत मोजायला लावणे क्षम्य नाही. टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त निष्काम कर्म म्हणजे हेतूशून्य कर्म नव्हे, आसक्ती सोडून केलेले कर्म होय, हेच बजावले. शिवाय आषाढी वारीत आकुर्डीच्या मुक्कामी वारकऱ्यांचे पाय चेपणाऱ्यालाही पुण्याची आस असू शकते, आणि पुण्यही फळच आहे. म्हणून प्रमाणपत्र हवे असल्याने सेवा बाटते, हे मत टिकत नाही. पिंपरीतच १९५४ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पगार घेणाऱ्या हातांनी पेनिसिलिन तयार केले. त्या पगाराने औषधाचा गुण कमी झाला नाही. खरी कसोटी लागते ती हजेरीच्या वहीवर सही झाल्यानंतर, देखरेखीला कुणी नसताना, एखादा म्हातारा पाणी मागतो तेव्हा.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. शिकाऊ हाताचा पहिला कच्चेपणा कोण सोसतो? चुकीच्या जागी बांधलेला बीपीचा पट्टा आणि तीच हकिकत तिसऱ्यांदा विचारली जाण्याचा त्रास बहुतेक वेळा जनरल वॉर्डातल्या गरिबाच्या वाट्याला येतो. माणसाला केवळ साधन मानू नये, असे कांटने १७८५ मध्ये मांडले. त्यातला ‘केवळ’ महत्त्वाचा आहे. रोग्याच्या देहावरून शिकल्याशिवाय एकही वैद्य किंवा परिचारिका घडत नाही. त्याला साधन करणे अटळ आहे, फक्त तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे.

इथे आपल्या परंपरेतली ऋणाची कल्पना कांटच्या पुढे जाते. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे ऋण जोडले. ज्ञान देणाऱ्याचे ऋण ते ऋषिऋण. मग वॉर्डातला रोगी विद्यार्थ्याचा ऋषी ठरतो, त्याला अक्षरओळख असो वा नसो. ज्याच्यावर उपकार केले त्याला विसरणे सोपे असते. ज्याचे देणे लागतो त्याच्याशी मात्र अदबीने वागावे लागते. मी डॉक्टर नाही, शिकायला आलो आहे, हात लावू का, असे विचारणे हा त्या अदबीचा पहिला भाग. जखमेचा फोटो मोबाइलवर न काढणे आणि वॉर्डातले बोलणे होस्टेलवर न नेणे हा दुसरा. रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर फोडू नये, ही आज्ञाही चरकाच्या त्याच उपदेशात आहे.

इंटर्नशिपच्या अहवालात तासांचा हिशेब असतो, रोग्याचा उल्लेख क्वचितच असतो. महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला वॉर्डात पाठवण्याआधी परवानगी विचारायला आणि गुप्तता पाळायला शिकवावे, आणि तो परतल्यावर किती तास भरले याच्या आधी कोणाकडून काय शिकलास, हे विचारावे.