रुमाल टाकलेली जागा

निपाणीच्या स्टँडवर गाडी नीट उभीही राहत नाही, तोवर खिडकीतून रुमाल आत पडतात. रुमाल, पिशवी, कधी कधी लहान पोरगंसुद्धा. मग दारातून धक्के खात चढलेली म्हातारी त्या बाकाकडे बघत दांडा धरून उभी राहते. जागा आहे, माणूस नाही, आणि तरी बसता येत नाही. गेल्या वर्षी भाचीच्या ॲडमिशनच्या वेळी हा रुमाल मला सारखा आठवत होता.

तिला माणसांची डॉक्टर व्हायचं होतं. नीटचे १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यापायी दोन वर्षं पोरगी कुणाच्या लग्नाला गेली नाही. सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकलं. भाऊजींनी तंबाखूचं रान विकून मॅनेजमेंटची जागा घ्यायचा विषय एकदा काढला. तो तिनेच बंद केला. हातात राहिलं काय, तर बेळगावात खासगी कॉलेजात बीडीएस, नाहीतर बिदरला व्हेटर्नरी. बीडीएसची फी ऐकून तीही वाट मिटली.

कर्नाटकात सीईटीतून जागा लागली की पोरांपुढे चार पर्याय ठेवतात. पहिला : ही जागा पसंत, जातो. दुसरा : ही असू दे, पण वरची मिळाली तर ती द्या. तिसरा : ही नको, पुढच्या फेरीत बघतो. चौथा : मी यातून बाहेर. (माझ्या ओळखीतली निम्मी माणसं संसारात दुसरा पर्याय भरून बसली आहेत, हे तेव्हाच लक्षात आलं.) दुसऱ्या पर्यायात खोट काही नाही. वरची जागा मिळाली की खालची आपोआप सुटते आणि पुढच्या फेरीत कुणाला तरी लागते.

पण भाचीच्या मनात होता पाचवा, जो फॉर्मवर नसतो. पहिला पर्याय भरायचा, बिदरला जायचं, होस्टेलवर गुपचूप परत नीटचा अभ्यास करायचा आणि मिळालं की निघायचं. भरलेली फी बुडेल, एवढंच. अक्का म्हणाली, "सगळी असंच करत्यात की. पोरगीचं वर्ष तरी वाचंल."

वर्ष वाचेल हे खरं. पण वर्षभराने सोडलेली जागा मग कुणालाच मिळत नाही. ती तुकडी बाहेर पडेपर्यंत वर्गात एक बाक रिकामाच राहतो. आणि यादीत हिच्या खाली कुणीतरी होतंच.

मी हे निःपक्षपातीपणे लिहिते आहे असं समजू नका. १९८६ साली बी.एड.च्या वेटिंग लिस्टवर माझं नाव पहिलं होतं. एका मुलीने दोन ठिकाणी प्रवेश घेतलेला होता. दसऱ्यानंतर ती निघून गेली, तोवर मुदत संपली होती. मी घरी बसले, आणि मुलगी घरी बसली की स्थळं सुरू होतात. पुढच्या वर्षी बी.एड. झालं, पण सासरहून. त्या मुलीला मी ओळखतही नाही. तिचीही काही अडचण असेल.

पाठशाळेत शिकलेलं आठवून पाहिलं. उमास्वामींनी परिग्रह वस्तूत नव्हे, आसक्तीत सांगितला आहे. त्या मापाने मोजलं तर भाची सुटतेच! त्या जागेवर तिची आसक्ती कुठे होती? उलट आसक्ती नाही, म्हणूनच तर ती नुसती अडवून ठेवता येत होती. धरणाऱ्याचं मन तपासणारी ही व्याख्या दारात उभ्या म्हातारीकडे बघत नाही, असं मला तेव्हा वाटलं. हे आमच्या पंडितजींना आवडणार नाही. अनेकांताचं नाव घेऊन "तिचंही बरोबर, तुझंही बरोबर" म्हणणं सोपं होतं. आपल्याकडे अवघड प्रश्न असेच मिटवतात. पण बाकावर एकच जण बसतो.

मी भाचीला हे बोलले. ती चिडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "मावशी, जागा कमी मी ठेवल्या नाहीत. पैसे भरून जाणाऱ्यांना तू काही विचारत नाहीस, मलाच विचारतेस. कारण मी ऐकून घेते."

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. जो ऐकतो त्याच्याच गळ्यात नीती पडते, हे घरात बाईइतकं कुणाला माहीत असणार? तरी एक विचारलंच. "पोट फुगलेली म्हैस तुझ्यापुढे आणून बांधली, तर तिला कळेल का, तू तिला दुसऱ्या नंबरावर ठेवलंयस ते?"

"तिला नाही कळणार," ती म्हणाली. मग बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. "मला कळेल."

माणसांच्या डॉक्टरला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात, जनावरांच्या डॉक्टरलाही तेवढीच. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना आवाज जरा वेगळा होता. की मला तसा ऐकायचा होता?

सोलापूरमार्गे बिदरला पोचवायला मीही गेले. होस्टेलच्या खोलीत ट्रंक उघडली तेव्हा चादरींखाली फिजिक्सची ती जाड पुस्तकं दिसली. मी पाहिली, आणि मी पाहिलेलं तिने पाहिलं. तिने वरून चादर नीट केली आणि विचारलं, "मावशी, चहा घेऊया का? खाली कँटीन आहे."

आम्ही खाली गेलो.