कुंतीमाईचे कैवारी



आषाढीला आपण पंढरीस पोचतो. पंधरा-वीस दिवसांची चाल झालेली असते, पायांना फोड आलेले असतात. तरी आपण थेट राउळाकडे धावत नाही. आधी वाळवंटात उतरतो, चंद्रभागेची ओंजळ भरतो, डोळ्यांस पाणी लावतो, पुंडलिकाला हात जोडतो आणि मग विठुरायाकडे वळतो. वाडवडिलांनी घालून दिलेला हा क्रम. आता मी आपणास एकच गोष्ट विचारतो. ज्या पाण्याला आपण माय म्हणतो, ते त्या दिवशी तिथे कुठून आले, याची चौकशी आपल्यापैकी कितीजणांनी केली?

पाऊस लांबला की ते उजनीतून सोडावे लागते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. मी त्या धरणाची निंदा करायला बसलेलो नाही. त्याच्या पाण्यावर कितीतरी गावांच्या घागरी भरतात, शेते पिकतात. त्यातला घास मीही खाल्लेला आहे. पण नदी बांधली जाते तेव्हा कोणाचे तरी काही तरी जातेच. मग आपण हरिदासांनी त्या वेळी कुठे उभे राहावे? आजच्या निरूपणाचा विषय एवढाच.

आपण म्हणाल, ज्याचे बुडेल तो ओरडेल. होय, ओरडतो. मुळशीची हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. मुळा नदी पुण्याला मुठेस मिळते आणि पुढे भीमेत जाते, म्हणजे ती पंढरीच्याच वाटेची नदी. तिच्यावर वीज कंपनीचे धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ सालच्या रामनवमीला मावळे बंधाऱ्याच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले, त्यांनी तुरुंग भोगला. तीन वर्षे झुंज चालली. शेवटी धरण झालेच. भाताची खाचरे बुडाली, आणि मुळेचे अडवलेले पाणी पंढरीची वाट सोडून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात जाऊ लागले. मावळ्यांचे रडणे खरे होते, न्यायाचे होते. आपले घर बुडताना रडू नये तर केव्हा रडावे?

पण सज्जनहो, जिथे रडायलाच कोणी नाही, तिथे काय करायचे? जिथे गाव नाही, शेत नाही, सातबाऱ्यावर कोणाचे नाव नाही. नुसते रान आहे, नदी आहे आणि झाडावरची मुकी पाखरे आहेत, तिथे कैवार कोणी घ्यावा? आपण देवाला अनाथांचा नाथ म्हणतो. मग त्या नाथाच्या दारी उभे राहणाऱ्याने अनाथ कोणाला म्हणायचे? फक्त दोन पायांच्यालाच?

सिद्धांत सांगून झाला की दृष्टांत सांगावा, अशी आपली रीत आहे. दृष्टांत पुराणातला नाही, आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आहे.

आपली भीमा सह्याद्रीत भीमाशंकराजवळ उगम पावते. तोच सह्याद्री तसाच दक्षिणेला केरळात जातो. तिथे पालघाटच्या अंगाला, निलगिरीच्या नैर्ऋत्य टोकाशी एक उंच दरी आहे. चारी बाजूंनी डोंगर, आत दाट सदाहरित अरण्य, आणि त्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी नदी. नदीचे नाव कुंती. तिकडचे लोक सांगतात, वनवासात पांडव इथे आले होते. म्हणून नदीला पांडवांच्या आईचे नाव, आणि अरण्याला सैरंध्री हे द्रौपदीचे नाव. इंग्रजांनी त्या दरीला सायलेंट व्हॅली म्हटले, म्हणजे निःशब्द दरी. रानात रात्रंदिवस किरकिरणारे किडे तिथे ऐकू येत नाहीत म्हणून हे नाव पडले, असे काहीजण सांगतात. कारण काहीही असो, नाव मोठे अर्थाचे आहे. निःशब्द म्हणजे ज्याच्याजवळ शब्द नाही तो. ज्याच्याजवळ शब्द नाही, तो अर्ज कसा करणार?

कुंतीचा पुत्र भीम. कुंती नदी तिकडे, आणि भीमा आपल्याकडे. हा नुसता नावाचा योग झाला, शास्त्र नव्हे. पण नावाने आठवण होते, म्हणून कुंतीमातेची एक गोष्ट सांगतो. लाक्षागृहातून सुटल्यावर पांडव एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले होते. त्या नगरीला बकासुराचा जाच होता. रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस त्याला द्यावा लागे. एक दिवस यजमानाच्या घरची पाळी आली. घरात रडारड झाली. कुंतीने ती ऐकली आणि म्हणाली, “तुमच्यातलं कोणी जायचं नाही. माझा भीम जाईल.” घर तिचे नव्हते. पाळी तिची नव्हती. धर्मराजदेखील रागावला, की आई, परक्यासाठी आपला मुलगा का देतेस? पण ती डगमगली नाही. ज्याचे आपल्यावर आले नाही ते आपल्यावर घेणे, याचे नाव कैवार. बाकी सारा व्यवहार.

आता त्या नदीचे ऐका. वरून खाली वेगाने झेपावणारी नदी, वीज काढायला जागा उत्तम, असे इंग्रजांच्याच काळी कोणाच्या नजरेत भरले होते. १९७३ साली नियोजन मंडळाने धरणाला मान्यता दिली. सुमारे १३० मीटर उंचीची भिंत, १२० मेगावॉट वीज, आणि खाली सुमारे १०,००० हेक्टर जमिनीला पाणी, अशी योजना. मागणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या भागात वीज कमी, हातांना काम कमी. तिथल्या गरिबाने धरण मागितले तर त्याला दुष्ट कोण म्हणेल? शिवाय सरकारचे म्हणणे असे, की सुमारे ८३० हेक्टरच रान बुडेल आणि दरीत माणसांची वस्तीच नाही. एकही घर उठवावे लागणार नाही. म्हणजे रडणारा कोणीच नाही! कागदावर याहून सोपे धरण कोणते?

आणि इथेच नवल झाले. ज्यांचे काडीइतके बुडत नव्हते, ते उभे राहिले. शाळामास्तर उभे राहिले, कॉलेजातले प्राध्यापक उभे राहिले. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक एम. के. प्रसाद लेख लिहू लागले, व्याख्याने देऊ लागले. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ साली निघालेली संस्था; मातृभाषेतून लोकांना विज्ञान समजावे हे तिचे व्रत. तिच्या मंडळींनी गावोगाव जाऊन विषय समजावला. पक्ष्यांचा अभ्यास करणारे सालिम अली स्वतः दरीत जाऊन आले आणि हे धरण नको म्हणाले. सुगतकुमारी या कवयित्रीने कवी आणि लेखक एकत्र केले. झाडाची स्तुती करणारी तिची कविता सभांच्या आरंभी म्हटली जाई. आपण कीर्तनाला नमनाचा अभंग घेतो ना? तसेच.

यांतल्या बहुतेकांनी ती दरी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. पंढरी न पाहता गावात बसून विठ्ठल विठ्ठल म्हणणारी म्हातारी असते, तशी ही भक्ती.

थट्टा पुष्कळ झाली. त्या रानात सिंहपुच्छ वानर राहते. अंग काळे, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. दक्षिणेच्या सह्याद्रीवाचून जगात कुठल्याही रानात ते नाही. ते झाडांच्या शेंड्यांवरच जगते, जमिनीवर क्वचित उतरते. झाडांचे छत तुटले की त्याचा मार्ग तुटतो. त्या वानराचे नाव निघताच धरणवाले विचारू लागले, “माकड मोठं की माणूस?” सभेत हशा पिकवायला हा प्रश्न फार उपयोगी. पण आपण मारुतिरायाला शेंदूर लावणारी माणसे. आपण तरी त्या हशात सामील व्हावे काय?

तरीही एक ध्यानात धरा. ही मंडळी नुसती हळहळत बसली नाहीत, त्यांनी हिशेब मांडला. परिषदेत वनस्पती जाणणारे होते तसे विजेचे गणित जाणणारेही होते. वीज किती हवी, ती दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळेल, याचा आराखडा त्यांनी छापून लोकांपुढे ठेवला. नुसत्या प्रेमाला राज्यकर्ते भोळसटपणा म्हणतात. आकडे घेऊन आलेल्या प्रेमाला उत्तर द्यावे लागते.

यश एका दिवसात आले नाही. उच्च न्यायालयात गेले, तिथे १९८० च्या जानेवारीत निकाल विरुद्ध लागला. पण गाऱ्हाणे दिल्लीपर्यंत पोचले होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी काम थांबवावयास सांगितले. प्राध्यापक एम. जी. के. मेनन यांच्या नेतृत्वाखाली समिती बसली, आणि १९८३ साली योजना सोडून देण्यात आली. १५ नोव्हेंबर १९८४ ला ती दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. नदी त्या रानातून आजही मोकळी वाहते.

झाले, म्हणून घरी जाता येते का? नाही. काही वर्षांनी त्याच नदीवर, उद्यानाच्या हद्दीखाली, पात्रक्कडवू इथे दुसऱ्या धरणाची योजना निघाली. लोकांना पुन्हा उठावे लागले. पुढे २००७ साली उद्यानाभोवतीचे १४८ चौरस किलोमीटर रान संरक्षणासाठी जोडले गेले. एकदा वारी केली म्हणून पुढच्या वर्षीची चुकत नाही. नदीची राखणही वारीसारखीच आहे.

ही कथा मी एका गावी सप्ताहात सांगितली. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी माझ्यापाशी आले. गळ्यात तुळशीची माळ, हाताला घट्टे. म्हणाले, “बुवा, गोष्ट ग्वाड हाय. पर आमच्या गावाला चैतापासनं टँकर येतो. धरण नको म्हणणाऱ्याला म्हणावं, एक उन्हाळा आमच्यात येऊन काढ.”

मी गप्प झालो. त्यांच्या बोलण्याला उत्तर नव्हते, कारण ते खरेच होते. मग मला नाथमहाराज आठवले. मी म्हणालो, “बाबा, नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. म्हणजे तहानलेल्याची तहान देवाच्या अभिषेकाहून मोठी. तुमच्या गावची तहानही तशीच मोठी. तिच्यासाठी पाणी अडवावं लागलं, तर त्याला अधर्म मी म्हणणार नाही. पण ज्या जिवाची तहान नाथांनी भागवली, तो जीव गाढवाचा होता. ‘हे माझ्या काय कामाचं?’ असं नाथांनी विचारलं नाही. तो प्रश्न आपण विचारतो.”

बाबा म्हणाले, “मग आमी करावं काय?”

मी म्हणालो, “हिशेब करावा. कुंतीच्या धरणातून मुख्यतः वीज हवी होती. वीज दुसरीकडून आणता येते. ते रान दुसरीकडून आणता येत नाही. ज्याला दुसरी वाट आहे ते थांबू शकतं; ज्याला नाही ते एकदा गेलं की गेलं. आणि बाबा, धरणातलं पाणी आधी उसाला जातं की घागरीला, हे काही धरण ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. तिथंही कोणीतरी बोलायला हवं.”

बाबा थोडा वेळ माळेवरून बोट फिरवीत बसले. मग म्हणाले, “ते मातुर खरं हाय. घागरीच्या बाजूनं कोन बोलत न्हाई.” एवढे बोलून ते उठले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. माझेही झालेले नाही. पण त्या दिवसापासून धरणाचे नाव निघाले की मी दोन प्रश्न मनाशी विचारतो: यात तहान कोणाची भागणार? आणि यात ज्याला बोलता येत नाही असा कोण बुडणार? दोन्हींचे उत्तर हाती येईपर्यंत हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये.

सज्जनहो, भूतदया हा शब्द आपण रोज उच्चारतो. दया मुंगीवर करणे सोपे आहे. पाऊल जरा बाजूला टाकले की झाले. पण आपले काही बुडत नसता, वर हसणारे हसत असता, न पाहिलेल्या नदीसाठी दहा वर्षे पायपीट करणे ही दया कठीण. केरळातल्या त्या मास्तरांनी, कवींनी ती करून दाखवली. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती, तरी आचरण माळकऱ्याचे होते.

आपल्याकडून एवढे तरी होवो. पंढरीच्या वाळवंटात उतरल्यावर ओंजळ डोळ्यांस लावताना त्या पाण्याची वाट आठवावी: उजनीची भिंत, घाटाखाली गेलेली मुळा, भीमाशंकरचे रान. चंद्रभागेत निर्माल्य, पत्रावळ, प्लॅस्टिकची पिशवी टाकू नये. आणि आपल्या गावाशेजारी कोणी एखाद्या ओढ्याची, देवराईची, मुक्या जिवाची बाजू घेऊन एकटा बोलत उभा असेल, तर निदान त्याला हसू नये. जवळ जाऊन त्याचे ऐकावे. पटले तर त्याच्या शेजारी उभे राहावे. अठ्ठावीस युगे कमरेवर हात ठेवून नुसते उभे राहणे केवढे मोठे काम आहे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

बोला, रामकृष्णहरी.