फ्यूज उडाला, दोष कुणाचा?



निपाणीहून बेळगावला जाताना तवंदी घाटात मोटारसायकलचा हॉर्न, इंडिकेटर एकदम बंद पडला की नवखा माणूस घाबरतो. काम छोटंच असतं. चावी बंद करायची, सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरच्या आत बॅटरीजवळ फ्यूजची डबी असते ती उघडायची, फ्यूज सरळ ओढून उजेडात धरायचा. आतली पट्टी तुटलेली दिसली की तेवढ्याच आकड्याचा दुसरा बसवायचा. 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, रंगावरूनही कळतं.

गडबड पुढं होते. नवीन फ्यूजही लगेच उडतो. मग कुणीतरी शहाणा भेटतोच, "अहो, 20 चा घाला, नाहीतर सिगारेटचा चांदीचा कागद गुंडाळा, काय होत नाही." आणि गाडी खरंच चालते! पण वायरची जाडी तेवढीच असते. कुठंतरी घासून उघडी पडलेली वायर लोखंडाला टेकलेली आहे, ती तशीच. आधी फ्यूज जळत होता, आता वायर तापणार, आणि ती जाते पेट्रोलच्या टाकीखालून.

आम्हाला यात एक जुना प्रश्न दिसतो. सत्संगात आपण सोसण्याला फार मान देतो. घरात जो आधी चिडतो, रडतो, "मला आता हे होत नाही" म्हणतो, त्याला आपण जप वाढवायला सांगतो. सुनेला तर हमखास. म्हणजे 10 च्या जागी 20 चा घालतो. नामानं मन शांत होतं हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे, त्याबद्दल शंका नाही. पण नाम काय चांदीच्या कागदासारखं वापरायचं? ज्याचा आवाज आधी फुटला तोच कमजोर, असं आपण धरून चालतो. घासलेली वायर बऱ्याचदा दुसरीकडंच असते, दारूत, कर्जात, न बोललेल्या वाटणीत.

मग सोसायचंच नाही का, असं कुणी विचारेल. फ्यूजसुद्धा सोसतोच की, 10 पर्यंत, वर्षानुवर्षं. त्याची मर्यादा ठरवली आहे ती वायर बघून.

एका ठिकाणी मात्र हा दाखला तोकडा पडतो. जळलेला फ्यूज टाकून नवा आणता येतो, माणसाचं तसं नाही. म्हणून घरात कुणी "बस्स" म्हणालं तर आधी चावी बंद करावी, म्हणजे त्या दिवशीचा वाद तिथंच थांबवावा, आणि मग वायर हातानं चाचपत जावं. वेळ लागतो. मुरलेल्या मेस्त्रीचासुद्धा शॉर्ट शोधताना कधीकधी अर्धा दिवस जातो.