दया आणि देणे

‘अडणे’ हा मराठीतला मोठा बोलका शब्द आहे. गाडी अडते, काम अडते, पैशावाचून माणूस अडतो. पण गाय अडली असे कोणी म्हणाले की या साध्या शब्दाला एकदम जिवावरचा अर्थ येतो. खेड्यातली चार माणसे हातचे काम टाकून गोठ्याकडे धावतात. गाय कोणाची, हे त्या वेळी कोणी विचारीत नाही. अडलेल्याला सोडवावे हा धर्म कोणाला शिकवावा लागत नाही, असे आपण धरून चालतो. पण या धर्माच्या पोटात नेमके काय असते? भूतदया असते, स्वार्थ असतो, की आणखी काही? आपल्या गोठ्यात बसून याचा विचार करणे कठीण आहे. गाय म्हटली की आपल्या मनात इतके काही दाटून येते की विचाराला पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून, जिथे गाईला कोणी माता म्हणत नाही अशा मुलखात थोडे जाऊन यावे.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाचा प्रदेश आहे. नावाप्रमाणेच त्या वाळूच्या टेकड्या. पण साऱ्या गवताने झाकलेल्या. नांगराला ही जमीन मानवत नाही, गुरांना मानवते. तिथे शेकडो गुरांचे कळप बाळगणारी जी विस्तीर्ण कुरणे आहेत त्यांना ‘रँच’ म्हणतात. या गाईंचे दूध कोणी काढीत नाही. वासरू आईचे सगळे दूध पिते, सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला आईपासून तोडतात, पुढे धान्य चारून त्याचे वजन वाढवितात आणि दीड-दोन वर्षांच्या आतबाहेर ते कसाईखान्यात जाते. व्यवहार उघड आहे. त्यावर कसलाही पडदा नाही.

आणि याच कुरणांवर विण्याच्या हंगामात माणसे झोप म्हणून घेत नाहीत. पुष्कळ ठिकाणी हा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन बर्फात येतो. पहिलारू कालवडी घराजवळच्या कुंपणात वेगळ्या काढलेल्या असतात आणि दर दोन-तीन तासांनी घरातले कोणीतरी विजेरी घेऊन त्यांच्यातून फिरून येते. एखादी शेपटी उचलून कोपऱ्यात उभी आहे, कळा देते आहे, पाण्याची पिशवी फुटून तास होत आला तरी पुढे काही दिसत नाही, असे झाले की तिला आत घेतात. मग खांद्यापर्यंत हात धुऊन, आत घालून, अंधारात बोटांनी वाचायचे. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक हाती लागले तर वासरू सरळ आहे. एकच पाय लागला तर दुसरा मागे दुमडलेला आहे. नुसती शेपटीच लागली तर काम अवघड. पाय दुमडलेला असेल तर वासराला आधी आत लोटावे लागते, खूर तळहातात झाकून घ्यावा लागतो, नाहीतर त्याची धार गर्भाशय फाडील. आणि मग तो हळूच पुढे आणावा लागतो. त्यानंतर पायांना साखळी अडकवून ओढायचे, तेही गाय कळ देईल तेव्हाच. तिने दम घेतला की माणसानेही दम घ्यायचा. वासरू बाहेर आले की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाकपुडीत गवताची काडी फिरवायची, आणि त्या ओल्या देहाला पहिली शिंक आली की मागे भिंतीला टेकायचे.

आता एक व्यवहारी गृहस्थ म्हणतील, ‘यात नवल ते काय? वासरू म्हणजे पैसा. पैशासाठी माणूस याहून मोठी जागरणे करतो.’ दुसरे भाविक गृहस्थ म्हणतील, ‘छे, त्या क्षणी माणसाचे हृदय द्रवते, ती दयाच होय.’ दोघांचेही थोडेथोडे खरे आहे. मालकाच्या मनाचा तळ उपसला तर तिथे जमाखर्चही सापडेल आणि माया पण सापडेल. परंतु ही दोन्ही माणसे गाय अडल्यानंतरची गोष्ट बोलत आहेत. ती मुळात अडली कशाने, हे कोणीच विचारीत नाही.

तिला वळू कोणी निवडून दिला? माणसाने. पहिले वेत पूर्वी पुष्कळदा तिसऱ्या वर्षी होई. ते दुसऱ्या वर्षीच व्हावे म्हणून चौदा-पंधरा महिन्यांच्या कालवडीला गाभण कोणी केले? माणसाने. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सिमेंटल, लिमूझीन अशा धिप्पाड युरोपीय जाती कॅनडामार्गे अमेरिकेत आल्या. वासरे वजनदार झाली, मालक खूश झाले. पण लहान चणीच्या गाईच्या पोटात मोठ्या बापाचे वासरू वाढू लागले आणि अडणाऱ्या गाई वाढल्या. बेल्जियममध्ये तर माणसाने ‘बेल्जियन ब्लू’ नावाची अशी मांसल जात घडविली आहे की तिची बहुतेक शुद्ध वासरे पोट फाडूनच बाहेर काढावी लागतात. वासरू आडवे येण्याचा दोष दैवाला द्यावा. पण वासरू मोठे असल्यामुळे अडलेल्या गाईची गाठ पुष्कळ वेळा आपणच मारलेली असते.

असे असेल तर मध्यरात्री उठून ती गाठ सोडविणाऱ्याला दयाळू म्हणणे बरोबर होणार नाही. ज्याने कर्ज काढले त्याने ते फेडले, तर त्याला आपण दानशूर म्हणत नाही. दया ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तू आहे; आज केली, उद्या न केली. देण्याचे तसे नाही. देणे मुदतीत द्यावे लागते, झोप आली आहे म्हणून पुढे ढकलता येत नाही, आणि ते फेडल्याबद्दल गाईने कृतज्ञ व्हावे अशी अपेक्षाही ठेवता येत नाही. शिवाय ते सावकाराच्या नाण्यातच द्यावे लागते. वासरू ओढण्याचे एक यंत्र मिळते. त्याच्या दांड्याने कित्येक माणसांची ओढ एकट्या माणसाच्या हातात येते. जाणत्या हातात ते जीव वाचविते. पण घाई झालेल्याने तेच यंत्र गाईच्या कळेकडे न पाहता चालविले, तर वासराचे पाय मोडतात आणि गाय कायमची बसते. मदत करणाऱ्याचा हेतू तेव्हाही वाईट नसतो. त्याने तिच्या वेळेऐवजी स्वतःची वेळ पाहिलेली असते, इतकेच.

यावर खरा कठीण प्रश्न पुढे उभा राहतो. जे वासरू दोन वर्षांच्या आत कापले जाणार आहे, त्याच्या जन्माची एवढी चिंता म्हणजे ढोंग नव्हे काय? मला हा प्रश्न उडवून लावता येत नाही, आणि तसा तो कोणी लावूही नये. कसाईखान्याच्या बाजूने बोलण्याचा इथे हेतू नाही. पण शेवट वाईट आहे म्हणून मधले सगळे दिवस हिशेबातून वजा करावेत, हे मला पटत नाही. ज्याला आपण स्वतःच्या फायद्यासाठी जन्माला घातले, त्याचे आपल्यावरचे देणे त्याच्या पहिल्या श्वासापासून चालू होते. शेवटच्या अन्यायाचा दाखला देऊन पहिल्या दिवसाचे दूध चुकविणे, हा एका पापावर दुसऱ्याचा डोंगर रचण्याचा प्रकार झाला.

पहिल्या दिवसाचे दूध म्हटले की आपण परक्या मुलखातून आपल्या घरी येऊन पोहोचतो. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्यांची शक्ती साधारण एका दिवसात संपते. पहिल्या काही तासांचा चीक हे त्याचे कवच आहे. आपल्या घरी मात्र चीक म्हटला की वेलदोडा घातलेला खरवस आठवतो. खरवस खाऊ नये असे नव्हे; आधी कोणाचे पोट भरले, एवढे विचारून खावा.

आपल्याकडेही वळू आता माणूसच निवडतो. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बाएफ’ स्थापन केली, होल्स्टिन आणि जर्सी यांच्या संकराचे काम खेडोपाडी पोहोचले, आणि संकरित गाईच्या दुधावर कितीतरी घरांतील मुलांच्या शाळेची फी भरली गेली. हे ऋण मोठे आहे. शहाणा पशुवैद्य गाईची चण पाहून वळू ठरवितो. ज्याला फक्त दुधाचा आकडा दिसतो तो ठरवीत नाही, आणि मग गाय अडते. झालेला गोऱ्हा असला तर त्याचे पुढे काय? औताला ट्रॅक्टर आला. गोवधबंदीचा १९७६चा कायदा महाराष्ट्राने २०१५मध्ये बैलांनाही लागू केला. पण कायदा सुरी थांबवू शकतो, वैरण घालू शकत नाही. दावणीच्या टोकाला अर्धपोटी बांधलेला गोऱ्हा आणि म्हशीचे ते दुर्लक्षित रेडकू यांना कोणी मारीत नाही. ती आपली आपण मरतात. नेब्रास्काच्या मालकाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपला हात त्या बरगड्यांवरून एकदा फिरवावा.

आपल्या पूर्वजांना हे देणे ठाऊक असावे. दिवाळीचा पहिला दिवा आपण वसुबारसेला लावतो, आणि त्या दिवशी पूजा एकट्या गाईची होत नाही, वासरासह गाईची होते. दूधतूप त्या दिवशी खायचे नाही, असा नेम कितीतरी घरांत पाळतात. वर्षभर ज्याच्या वाट्याचे घेतले त्याला एक दिवस तरी त्याचे परत द्यावे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

परंतु देणेकऱ्याने आणखी एक गोष्ट शिकावी: पुढचे कर्जच कमी काढावे. रँचवरचे जाणते मालक आता पहिलारू कालवडींसाठी लहान वासरे देणारा वळू मुद्दाम निवडतात, थोडे वजन हातचे जाते हे ठाऊक असूनही. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफाल नावाच्या गृहस्थांनी गाभण गाईंना उशिरा, रात्री वैरण घालावयास सुरुवात केली, आणि बरीचशी वासरे दिवसाउजेडी जन्मू लागली. पुढे संशोधकांच्या चाचण्यांतही असेच आढळले. यात शौर्य काहीच नाही. मध्यरात्री खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढणाऱ्याची गोष्ट लोक सांगतात. ज्याची गाय अडलीच नाही त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. तरी त्या दोघांत अधिक देणे कोणी फेडले, हे गाईला विचारता आले असते, तर तिने दुसऱ्याचेच नाव सांगितले असते.