उसने आभाळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावात ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू उतरत जाणारी छटा, आधी भिंतीवर आला आणि मोबाइलमध्ये नंतर. घरातले माणूस गेले की त्याच्या फोटोची शोधाशोध होते. हाती लागतो तो बहुतेक वेळा ओळखपत्रावरचा, नाही तर कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातला. स्टुडिओवाला त्यातून चेहरा कापून घेतो, मोठा करतो, गरज पडली तर अंगावर कोट चढवतो आणि मागे निळ्यातून पांढऱ्यात उतरत जाणारा रंग भरतो. हार घातलेल्या त्या चौकटीत माणूस असतो. त्याचे वावर, घराची ओसरी, दिवसाची वेळ यांतले काहीच नसते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि लग्नाच्या करिज्मा अल्बमच्या तयार पानांवरही हीच रीत चालते, फक्त रंग अधिक भडक असतात. कोरलड्रॉवर हात बसलेले डीटीपीवाले या हळूहळू मिसळत जाणाऱ्या रंगांना ‘फाउंटन फिल’ म्हणत आले आहेत.

आता ते काम खिशात आले आहे. फोटोवर बोट फिरवले की वरून जांभळा आणि खालून नारिंगी रंग चढतो. यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, फोटो खोटा झाला. दुसरे म्हणते, आमचा फोटो, आमची हौस. तुमचे काय जाते? मला दोन्ही मते अपुरी वाटतात. रंग खरा की खोटा यापेक्षा तो आला कुठून, आणि त्याने फोटोतली जागा राखली की पुसली, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

‘मूळ, अस्सल फोटो’ ही कल्पना वाटते तेवढी पक्की नाही. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना 1976 साली ज्या रंगजाळीचे पेटंट मिळाले, तिच्याच धर्तीवर आजचे बहुतेक डिजिटल कॅमेरे चालतात. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यापुढे लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग आत सोडणारी गाळणी असते. निम्म्या ठिपक्यांपुढे हिरवी, पाव ठिपक्यांपुढे लाल, पाव ठिपक्यांपुढे निळी. म्हणजे प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यावर फोन आपल्या मताने पांढरा रंग ठरवतो, सावल्या उजळतो, आभाळ निळे करतो. बोट लावण्याआधीच फोटो रंगवलेला असतो.

आभाळाचा पेच तर त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरेफटक होई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून काही चित्रे छापली. पांढरकवड्यात मे महिन्याच्या दुपारी झाडाखाली बसलेल्या आजीचा फोटो घेणाऱ्यापुढे आजही तोच पेच असतो: चेहरा सांभाळला तर आभाळ जाते, आभाळ सांभाळले तर चेहरा काळवंडतो. अशा वेळी फोटोच्या वरच्या भागावर हळूहळू विरत जाणारा गडदपणा टाकला, तर डोळ्याने पाहिलेले आणि कॅमेऱ्याने फिकट केलेले आभाळ परत येऊ शकते. हा ग्रेडियंटच आहे, आणि त्याला खोटा म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

ग्रेडियंटचा दुसरा प्रकार मात्र वेगळ्या रीतीने चालतो. ॲपमध्ये तो ‘ग्रेडियंट मॅप’ किंवा ‘ड्युओटोन’ या नावाने भेटतो. तो फोटोतले रंग बघतच नाही. कोणता ठिपका किती उजळ आहे एवढेच बघतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या 256 पायऱ्यांवर तो आपले रंग अंथरतो: सर्वांत गडद पायरीला जांभळा, सर्वांत उजळ पायरीला पिवळसर, मधल्या पायऱ्यांना मधल्या छटा. हळदीच्या फोटोवर तो लावून पाहावा. नवरीच्या हातातला गडद हिरवा चुडा आणि कपाळावरचे लाल कुंकू यांचा उजळपणा पुष्कळदा जवळपास सारखा असतो. म्हणून दोन्ही एकाच किरमिजी छटेत जाऊन बसतात. कुंकवाचे कुंकूपण आणि चुड्याचे चुडेपण ज्या फरकावर उभे आहे, तोच फरक हिशेबातून बाद होतो. पोस्टरला हे चालते, शोभतेही. त्या लग्नाची आठवण म्हणून ठेवायच्या फोटोला ते महाग पडते.

तयार ग्रेडियंटची खरी अडचण आभाळापाशी कळते. आभाळातल्या रंगांना क्रम असतो आणि त्या क्रमाला कारण असते. निळा प्रकाश हवेच्या रेणूंवरून लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो. मावळतीच्या सूर्याचा प्रकाश तर डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे 38 पट हवेतून येतो. वाटेत निळा गळून जातो, लाल-नारिंगी पोचतो. म्हणून पश्चिमेला क्षितिजाशी तांबूस, त्यावर पिवळा आणि वर निळा अशी चढण दिसते. त्याच वेळी पाठ फिरवून पूर्वेला पाहिले तर क्षितिजाशी करडा-निळा पट्टा असतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. वेचणीच्या दिवसांत, आभाळ स्वच्छ असताना, फुटलेल्या कापसाच्या वावरावर हा पूर्वेचा ग्रेडियंट फार सुंदर दिसतो. पण सगळे फोन पश्चिमेकडे वळलेले असतात, आणि ॲपमधल्या तयार रंगांतही त्याला सहसा जागा नसते.

उन्हाळ्यात या भागातले आभाळ सहसा तेवढे निळे नसते. हवेतले धुळीचे मोठे कण सगळे रंग सारखेच विखुरतात, त्यामुळे क्षितिजाकडे ते राखाडी-पांढरे होत जाते. पोळ्याच्या दिवशी परिस्थिती आणखी वेगळी. श्रावणी अमावास्येला बहुधा ढग असतात, प्रकाश सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. शिंगे रंगवलेल्या, झूल घातलेल्या बैलजोडीमागे अशा दिवशी नारिंगी सूर्यास्त चढवला की जोडी आभाळावर चिकटवल्यासारखी दिसते. काय चुकले ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकते. सूर्य मागे असेल तर शिंगांच्या कडा उजळायला हव्यात, बैलांची सावली आपल्याकडे पडायला हवी, हे डोळ्याला ठाऊक असते. इथे खटकते ते उसने आभाळ: दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या संध्याकाळसाठी बनवलेले, आणि ढगाळ श्रावणावर ओढून आणलेले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. यवतमाळ जिल्ह्याने आपल्याबद्दलची उदास चित्रे पुष्कळ पाहिली. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांबरोबर भेगाळलेली जमीन, रापलेला चेहरा आणि रंग उतरवून करडा केलेला आसमंत छापला गेला. मग इथल्या एखाद्या मुलीने आपल्या आईच्या फोटोवर गुलाबी-जांभळे आभाळ चढवले तर त्यात बिघडले काय? करडा रंग वास्तव आणि गुलाबी रंग हौस, हे ठरवले कुणी?

हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. करडेपणाही एक ग्रेडियंटच आहे, आणि तोही बाहेरून चढवलेला असू शकतो. भेगांचेच पाहा. काळी कापसाची माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. चांगला पाऊस झालेल्या वर्षानंतरही उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. एप्रिलमधल्या भेगा म्हणजे दुष्काळाचा पुरावा, असे मानणाऱ्याला या मातीची ओळख नाही. कडा काळवंडून, रंग उतरवून तीच भेग दाखवली की प्रदेशाची हवी तशी गोष्ट तयार होते. माणसांच्या बाबतीतही असेच होते. अमेरिकेतल्या टाइम साप्ताहिकाने 27 जून 1994च्या अंकाच्या मुखपृष्ठावर खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून छापला. त्याच आठवड्यात न्यूजवीकने तोच फोटो जवळपास जसाच्या तसा छापल्यामुळे फरक वाचकांच्या डोळ्यांवर आला आणि टाइमवर टीकेची झोड उठली. आरोपीला केवळ छटेने अधिक भीतिदायक केले, हा टीकेचा मुद्दा होता. छटेत असा निकाल दडलेला असतो. तेव्हा इथल्या माणसाने आपले रंग आपण निवडावेत, हे ठीकच. उरलेला निम्मा आक्षेप मला मान्य नाही तो एवढ्यासाठी की, बाहेरच्या करड्याला उत्तर म्हणून बाहेरचाच गुलाबी लावला, तर वावर दोन्ही वेळा हरवते.

एक सीमा मात्र ठाम हवी. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने वावरात उभे राहून ॲपमधून पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह टाकायचा आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हायची. फोन तोच, कापसाची पऱ्हाटी तीच, कदाचित दिवसही तोच. पण हा फोटो साक्ष देतो आणि साक्षीवर छटा चढवायची नसते. बातमीचा फोटोही अशीच साक्ष असतो. छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या छायाचित्राला 2013 साली वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला, तेव्हा त्यातल्या प्रकाशावरून मोठा वाद झाला. तज्ज्ञांनी तपासून सांगितले की, रंग आणि उजळपणा यांवर काम झाले आहे, पण चित्र बनावट नाही. निर्वाळा मिळाला, तरी शंका निघायची ती निघालीच. साक्षीच्या फोटोला तेवढी शंकाही परवडत नाही. घरच्या फोटोला ती परवडते, कारण त्याच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. त्या मोकळेपणाचे काय करायचे, हे मात्र आपल्याला ठरवावे लागते.

प्रयोग जरूर करावेत. फक्त रंग दुकानातून घेण्याआधी घरी शोधावेत. बहुतेक ॲपमध्ये फोटोतला रंग उचलण्याची सोय असते. आपल्याच फोटोंतून ते उचलावेत: पहिल्या पावसानंतरच्या काळ्या मातीचा, जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या ढिगाच्या सावलीतल्या बाजूचा, टिपेश्वर अभयारण्याच्या रस्त्यावर फाल्गुनात फुललेल्या पळसाचा, मेमधल्या धुळकट क्षितिजाचा. त्यांतून आपले ग्रेडियंट बनवून साठवून ठेवावेत. लावताना प्रकाश कुठून येतो आहे ते आधी पाहावे आणि ग्रेडियंटची दिशा त्याप्रमाणे ठेवावी. जोर कमी ठेवावा; आठ बिटांच्या, म्हणजे 256 पायऱ्यांच्या फोटोत सपाट आभाळावर रंग फार ताणला की त्याचे पट्टे पडतात. आणि मूळ प्रत वेगळी जपावी, कारण आज हौसेचा वाटणारा फोटो उद्या वावराच्या धुऱ्याच्या वादात साक्ष म्हणून लागू शकतो.

घरचा फोटो आपल्यानंतर पाहिला जाण्यासाठी असतो. पुढच्या पिढीला त्यात आईचा चेहरा ओळखू येईल, पण वावर कुठले, महिना कोणता, पाऊस झाला होता की नाही, हे सांगणारे कुणी तेव्हा जवळ असेलच असे नाही. ते काम आभाळाच्या आणि मातीच्या रंगांना करावे लागेल. तयार ग्रेडियंट चढवलेल्या फोटोवरून फार तर ॲप कोणत्या काळातले ते कळेल. जागेतून घेतलेल्या रंगांचा फोटो डोळ्याला तेवढाच गोड करता येतो, आणि त्यात ती जागाही शाबूत राहते.